पाणमांजर राज्यात प्रथमच आढळले त्याची हकीकत

॥ श्री ॥ आधी नमन अनुक्रमांकास, मग शिक्क्यास, मग ज्याचे हाती शिक्का असेल त्या हातास. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमी, ते दिवसापासोनचा मजकूर ऐसा जे, हे राज्य बहुत थोर. येथे जीवमात्राची गणती जाहली आहे. सरकारी यादीत ज्याचे नाव नाही असा एकही जीव या राज्याचे हद्दीत श्वास घेत नाही, उडत नाही, सरपटत नाही आणि चावत नाही. हे वाक्य लिहितां लिहितां लेखकाचे डावे घोट्यास डास चावला. यादी काढोन पाहिली. डास यादीत नाही. सबब खाजविले नाही.

सदरहू यादी राखणे हे जीवनवीस म्हणोन अंमलदाराचे काम. त्या समयी जीवनवीस केसोपंत होते. पंत मोठे विद्वान, सातासमुद्रापार जाऊन प्राणिशास्त्र शिकोन आलेले, आणि त्यांस चिखलाची, काट्यांची व प्राण्यांची फार भीती, म्हणोन यादीचे काम ते दप्तरात पंख्याखाली बसोनच उरकीत. यादीत तीनशे अकरा जीव होते आणि पंत येण्यापूर्वीही तीनशे अकराच होते. राज्याचा कायदा ऐसा जे, रयतेचे नुकसान कोण्या प्राण्याने केले तर तो प्राणी आधी यादीत पाहावा, असेल तर अर्ज ऐकावा, नसेल तर नुकसान जाहलेच नाही ऐसे समजोन अर्जदारास समजुतीचे दोन शब्द सांगून वाटेस लावावे. समजुतीचे शब्द कोणते ते कायद्यात दिले नव्हते, ते ज्याचे त्याने आणावयाचे.

आता राजधानीपासोन अकरा कोसांवर नदीस दोन डोह. खालचा डोह भोयांचा. वरचा डोह सरकारी राखीव. कशास राखीव ते कोणास ठाऊक नाही, परंतु राखीव खरा, पाटीसुद्धा लावलेली. मध्ये उंच कडा. खालचे डोहात लखू भोई म्हणोन चाळिशी उलटलेला गृहस्थ जाळे टाकोन आपले व बायको हौसाबाईचे पोट भरी. त्याच डोहात पाणमांजरांचे बिऱ्हाड. अंग तपकिरी, मिशा हवालदारासारख्या, पोहण्यात तरबेज, आणि मासा जाळ्यात अडकला की जाळे फाडोन मासा नेण्यात त्याहून तरबेज. लखू रोज सकाळी जाळे ओढी आणि हाती भोके येत. मग लखूने सरकारात अर्ज केला की, पाणमांजर जाळी फाडिते, ते कडा चढोन वरचे डोहात जात नाही, तरी मला वरचे डोहात जाळे टाकू द्यावे, आणखी काही मागणे नाही. उत्तर आले की, पाणमांजर राज्याचे यादीत नाही, जे नाही ते जाळे फाडू शकत नाही, सबब अर्ज निकाली. लखूने पुढचे साली पुन्हा अर्ज केला आणि तेच उत्तर आले, आणि ऐसे करितां करितां एकोणीस वर्षे व एकोणीस अर्ज जाहले. नवव्या साली तो फाटके जाळे खांद्यावर घालोन स्वतः दप्तरात हजर जाहला. पंतांनी चष्मा लावोन जाळे पाहिले.

"हे भोक आहे," पंत बोलिले.

"व्हय जी. पाणमांजरानं पाडलंय."

"भोक आहे हे सरकारास मान्य. पाणमांजर नाही हे यादीवरून सिद्ध. तेव्हा भोक आपोआप पडले."

"आपोआप पडलं तर मासा कुठं गेला, पंत?"

"भोकातून," पंत बोलिले, आणि जाळे दप्तराबाहेर नेण्याविषयी शिपायास आज्ञा केली, कारण वास येत होता.

येणेंप्रमाणे राज्यात सर्व आबादीआबाद असता पश्चिमेचे शेजारी राज्याने एकाएकी उचल खाल्ली. त्यांचा वकील दर महिन्यास पत्र घेऊन येई की, आमचे राज्यात अमुक बेडूक प्रथमच आढळला, कळावे. मग पत्र येई की, अमुक वटवाघळाचा विस्तार आमचे मुलखात तीस कोस वाढला, कळावे. मग कोळी, मग गोगलगाय, आणि प्रत्येक पत्राचे शेवटी कळावे. एका सालात बारा पत्रे जाहली तेव्हा महाराजांचा संयम सुटला. महाराजांनी केसोपंतांस बोलाविले आणि भर दरबारात बोलिले, "पंत, हे 'कळावे' आम्हास बरोब्बर कळते. हे हिणविणे आहे. त्यांचेकडे बारा जीव नवे आढळले आणि आमचे राज्यात काय आढळते? तुम्ही आढळता. तेही जेवणाचे सुटीनंतर." दरबार हसला. पंतही हसले, कारण दरबार हसत असता एकट्याने न हसणे हा उद्धटपणा होय. मग महाराजांनी हुकूम केला की, माघी पौर्णिमेचे आत एक तरी प्रथम नोंद दाखल व्हावी, न जाहल्यास जीवनवीस हे पद मोडावे आणि पंतांनी सरकारी मोटारखान्यात जाऊन टायर मोजीत बसावे.

मग पंत झडझडून कामास लागले. आठ दिवसांत तीन नोंदी दाखल केल्या. पहिली ऐसी जे, पाल, दिवाणखान्याचे दक्षिण भिंतीवर, आजवर केवळ उत्तर भिंतीवर ज्ञात, विस्तार नऊ हात. दुसरी, उंदीर, राजवाड्याचे तिसरे मजल्यावर, समुद्रसपाटीपासोन आजवरची सर्वाधिक उंची. तिसरी, कबूतर, खुद्द महाराजांचे पगडीवर. ही तिसरी नोंद महाराजांस पंतांचे आधी कळली होती. तिन्ही नोंदी परत आल्या, आणि सोबत मोटारखान्याचे किल्लीची नक्कल आली. पंत सुन्न होऊन टेबलास टेकले, तो टेबल डुगडुगले. पाहतात तो एका पायाखाली घडी करोन सारलेला कागद निसटला होता. पंत वाकोन तो पुन्हा सारू लागले आणि सहज वाचिला. तो लखू भोयाचा सतरावा अर्ज. पंतांनी तो उभ्याने वाचिला, मग बसोन वाचिला, आणि मग घंटा वाजवोन मोटार काढावयास सांगितले. टेबलाखाली त्या दिवसापासोन नाणेनिधीचा अहवाल घातला.

पंतांची स्वारी डोहावर निघाली. संगे दोन शिपाई, एक छत्री, मोजण्याची फीत, तीन कॅमेरे, आणि गमबूट, ते पंतांनी मोटारीतच चढविले. डोहाकाठी हौसाबाई भांडी घासीत होती आणि लखू जाळे सांधीत होता. पंतांनी छत्री उघडिली आणि पुसिले, "लखू, ते तुझे पाणमांजर कोठे आहे?"

लखूने सुई खाली ठेविली. "पंत, एकोणीस वर्सं म्या तुमास्नी सांगतोय. आन् आज तुमी मला इचारताय व्हय?"

"मागचे सोड. आहे कोठे ते सांग."

हौसाबाई मान न वळविता बोलिली, "तुमच्या म्हागं. त्या काळ्या धोंड्यावर बसलंय. मघापासनं तुमच्या बुटांकडं बघतंय."

पंत गर्रकन वळिले, तो पाण्यात बुडबुड जाहली आणि धोंडा रिकामा. शिपाई म्हणाला, "साहेब, मी पाहिले." पंत त्यास रागावले आणि बोलिले, "तू पाहिलेस त्यास काही किंमत नाही. रयतेस आणि शिपायास दिसते. आढळते ते केवळ अंमलदारास." मग हौसाबाई बोलिली, "मंग जाळं फाडतं ते काय असतं वो? नुसतं दिसणारं का आढळणारं?" पंतांनी कॅमेरे लावण्याची आज्ञा केली. नऊ दिवस कॅमेरे चालू होते. नऊ दिवसांत म्हशी आल्या, हौसाबाईचे वाळत घातलेले लुगडे आले, आणि एकेचाळीस वेळा खुद्द पंत आले, कॅमेरा चालतो की नाही ते वाकोन पाहताना. सहावे दिवशी धोंड्यावर विष्ठा मिळाली. ती पंतांनी चिमट्याने उचलोन चांदीचे डबीत ठेविली आणि भिंगाने पाहून आनंदाने बोलिले, "यात खवले आहेत!" हौसाबाई डोकावली आणि म्हणाली, "असणारच. आमची मासळी हाय ती. तेवढी तरी परत द्या." अखेर दहावे दिवशी लखूस पंतांची दया आली. त्याने जाळ्यातला उरलासुरला एक मासा काढिला, काळ्या धोंड्यावर ठेविला आणि बाजूस होऊन विडी पेटविली. विडी अर्धी होते तो पाणमांजर वर आले, धोंड्यावर बसले, मासा दोन्ही हातांत धरोन डोक्याकडोन खाऊ लागले, आणि खातां खातां पंतांकडे ऐसे पाहिले जैसे पंतांचेच नाव कोण्या यादीत नाही. कॅमेऱ्याने चित्र घेतले. पाणमांजर राज्यात प्रथमच आढळले. पंतांचे डोळ्यांत पाणी आले आणि मोटारखाना दृष्टीआड जाहला.

परंतु नोंद प्रथम ठरावयास या राज्यात एक दाखला लागतो, त्यास नव्हतेपणाचा दाखला म्हणतात. जागेवरील रहिवाशाने अंगठा उठवोन लिहून द्यावयाचे की, हा प्राणी आम्ही येथे पूर्वी कधीही पाहिला नाही. दाखला नसेल तर प्रथम नोंद ज्याने आधी पाहिले त्याचे नावे जाते. मग शाल, पदवी व दरबारची खुर्चीही त्याकडेच जाते, आणि भोयास खुर्ची दिली तर भालदार कोठे उभा करावा हा पेच पडतो. सबब पंत ते दिवशी लखूचे अंगणात बाजेवर बसिले, गूळपाणी घेतले, आणि प्रथमच त्यास लखोबा म्हणाले.

"लखोबा, इथे अंगठा लागतो. पूर्वी पाहिले नाही एवढेच लिहिले आहे."

"आन् माजे एकोणीस अर्ज?"

"ते मागे घेतले असे खाली लिहिले आहे. गैरसमजाने केले होते."

हौसाबाई चुलीपासोन उठोन दारात आली. "एकोणीस वर्सं गैरसमज मासं खात हुता व्हय, पंत?"

"बाई, नीट ऐका," पंत बोलिले, आणि खरेच मवाळ बोलिले. "वरचा डोह इतकी वर्षे कशाने अडला? पाणमांजर यादीत नाही म्हणोन. आता ते यादीत येते आहे. यादीत आले की अर्जास आधार आला. आधार आला की वरचे डोहाचा परवाना लखोबाचा. मध्ये फक्त हा अंगठा."

लखूने कागदाकडे पाहिले. मग डोहाकडे पाहिले, तेथे पाणमांजराची पोरे एकमेकांस बुचकळीत होती. हौसाबाई हळू आवाजात म्हणाली, "नगा उठवू. जाळं तर फाटलंच हाय. आता आपलं बोलणं बी आपल्याच हातानं फाडताय?"

"खरं बोलून एकोणीस वर्सांत काय गावलं, हौसे? एक दगडी उत्तर गावलं. खोटं बोलून डोह गावतोय तर गावू दे." ऐसे बोलोन लखूने शाईत अंगठा बुडविला आणि उठविला. हौसाबाई आत गेली आणि भांडी आपटली. पंतांनी कागदावर फुंकर घातली.

माघ शुद्ध त्रयोदशीस दरबार भरला. पाणमांजराचे चित्र पालखीतून आणिले. पंतांनी नोंद वाचिली की, सदरहू प्राणी आजवर पश्चिमेचे घाटापलीकडे ज्ञात असोन त्याने आता आपला विस्तार पूर्वेस बावन्न कोस वाढविला आहे. महाराज एकदम सावरोन बसिले आणि कडाडले, "बावन्न कोस? कोणाचे हुकुमाने?" सेनापतींनी तलवारीस हात घातला. कोणी पुसिले की, नाक्यावर अडविले कैसे नाही, आणि नाक्याचा हवालदार दरबारातच होता, तो पांढरा पडला. तेव्हा केसोपंत, ज्यांची बुद्धी ऐसे समयीच चालते, हात जोडोन बोलिले, "महाराज, हे चढाई करोन आलेले नाही. आपले राज्यात पाणी स्वच्छ आणि न्याय चोख, ही कीर्ती ऐकोन आश्रयास आले आहे. शेजाऱ्यांचे राज्य वाटेत लागले, तेथे थांबले नाही." हे ऐकोन महाराज बहुत प्रसन्न जाहले. म्हणाले, आश्रयास आलेला तो आमचा पाहुणा. पंतांस शाल दिली, जीवविस्तारक ऐसी पदवी दिली, शेजाऱ्यांस पत्र धाडिले आणि त्याचे शेवटी कळावे हा शब्द लाल शाईने लिहविला. पाहुण्याचे सन्मानार्थ डोहाकाठी अकरा तोफा उडवाव्या ऐसा हुकूम जाहला, त्या उडविल्या. आणि पाहुण्यास उपद्रव होऊ नये म्हणोन खालचे डोहात जाळे टाकण्यास कायमची बंदी केली, आणि वरचा डोह पाहुण्याचे पुढील विस्तारासाठी राखीव ठेविला. इतके दिवस तो कशास राखीव ते कोणास ठाऊक नव्हते, ते आता ठरले.

हे कळता लखूने विसावा अर्ज केला आणि स्वतः दप्तरात उभा राहिला. पंत शाल पांघरोन बसिले होते, पंखा चालू होता.

"पंत, तुमी म्हणाला हुता वरचा डोह माजा."

"म्हणालो होतो, आधार आला तर. आधार पाहू." पंतांनी कागद काढिला. "तूच लिहून दिलेस की पूर्वी पाणमांजर पाहिले नाही. म्हणजे पूर्वी जाळी फाटली नाहीत. आता जाळे टाकण्यास बंदी. म्हणजे पुढे फाटणार नाहीत. मागे नुकसान नाही, पुढे नुकसान नाही. मग अर्ज कशाचा, लखू?"

लखोबाचा पुन्हा लखू जाहला हे लखूचे ध्यानात आले. घरी येऊन त्याने जाळे आढ्यास टांगिले. हौसाबाईने, मी सांगत नव्हते का, ऐसे म्हटले नाही, ही तिची थोरवी. डोहाकाठी महाराजांस पाहुणे पाहता यावे म्हणोन दगडी सज्जा बांधणे चालू जाहले होते, तेथे ती घमेली वाहू लागली, आणि लखू दगड फोडू लागला. नदीकडे पाठ करोन बसे.

चैत्रात सज्जा पुरा जाहला. महाराजांची स्वारी मोटारीचे टपास अब्दागिरी बांधोन आली, आणि मुद्दाम शेजारचे वकिलास संगे आणिले, की त्याने आपले डोळ्यांनी पाहावे. सज्ज्यावर लोड, सरबत, दुर्बिणी. सर्व लोक डोहाकडे पाहत बसले. एक घटका गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. एक बगळा आला, तो यादीत होता, सबब कोणी पाहिला नाही. पाणमांजर काही येईना. वकिलाने खिशातून वही काढिली आणि सावकाश लिहू लागला. महाराज कुजबुजले, परंतु महाराजांचे कुजबुजणे पैलतीरास ऐकू जाते. "पंत, पाहुणे कोठे आहेत?"

पंत घामाने निथळले. बोलिले, "महाराज, लाजाळू जात आहे."

तेव्हा सज्ज्याचे पायरीवर घमेले घेऊन उभी असलेली हौसाबाई बोलिली, "लाजाळू कशाची? ती आमच्या जाळ्यावर जगत हुती, महाराज. तयार मासा गावायचा, म्हणून ऱ्हात हुती. जाळं बंद केलं, वर त्वाफा उडवल्या. ऱ्हातील कशाला? म्हैना झाला, खाली सरकत चाललीत. परवा बामणीच्या पुलाखाली बघितली म्या."

बामणीचा पूल म्हणजे शेजाऱ्यांचे हद्दीपासोन अर्धा कोस अलीकडे. वकिलाने मान वर केली. त्याने वही मिटिली आणि हसोन विचारिले की, पूल तो कोणता, जरा नाव पुन्हा सांगता का. मग जो हलकल्लोळ जाहला तो काय वर्णावा. पाहुणा अर्धा कोस आणखी चालोन गेला तर शेजारी प्रथम नोंद करणार आणि पुन्हा कळावे म्हणोन लिहिणार. महाराजांनी वकिलास सरबताचे दुसरे भांडे देऊन बसवोन ठेविले, आणि पंतांस बाजूस घेऊन विचारिले, आता काय करणे. पंतांनी लखूस बोलाविले. लखू हातोडा घेऊनच आला.

"लखोबा," पंत बोलिले, "तुझे काम जाहले. वरचा डोह तुझा."

लखूने हातोडा खाली ठेविला. पंतांनी तेथेच मांडीवर कागद घेऊन परवाना लिहिला आणि महाराजांनी तेथेच शिक्का केला, दप्तरास न विचारिता, ऐसे या राज्यात पूर्वी कधी जाहले नव्हते. मग पंतांनी तो मोठ्याने वाचिला. "लखू भोई यास वरचे डोहात जाळे टाकण्यास परवानगी दिली असे. परवानगी तहहयात व पुढे वंशपरंपरा. मासळी रोज चार शेर काढावी आणि ती सर्व खालचे डोहातील काळ्या धोंड्यावर सरकारी पाहुण्यांस वाढावी. एकही मासा भोयाने घरी नेऊ नये, नेल्यास पाहुण्याचे ताटातील उचलला ऐसे समजोन पारिपत्य करावे."

लखूने एकदा पंतांकडे पाहिले, एकदा शिक्क्याकडे. "मंजी म्या त्यांच्यासाठी मासं धरायचं?"

"त्यात नवे काय?" पंत घाईने बोलिले. "एकोणीस वर्षे तू तेच करीत होतास. आता परवान्याने करशील."

"तवा ती न्हवती ना, पंत?" हौसाबाई बोलिली.

पंतांनी छत्री उघडिली. ऊन तेवढे नव्हते.

येणेंप्रमाणे हे प्रकरण जाहले. आठवे दिवशी पाणमांजरे पुलाखालोन माघारी आली आणि काळ्या धोंड्यावर बसली. यादी तीनशे बारा जाहली. शेजाऱ्यांचा वकील दोनदा येऊन, वही न उघडिता, पाहोन गेला. केसोपंतांचे नावे नोंद ग्रंथात छापली गेली, चित्रासह, आणि खाली बारीक अक्षरात लिहिले की, या कामी एका स्थानिक इसमाचे साहाय्य जाहले. लखू भोई रोज उजाडता वरचे डोहात जाळे टाकितो. जाळे आता फाटत नाही. चार शेर मासळी काढोन तो धोंड्यावर मांडितो आणि घरी येतो. घरी सुकट खातात.